मुलांपासून काय लपवावे?

पेठ वडगावच्या जुन्या पेठेतील घरे एकमेकांस इतकी लागून आहेत की एका घरात फोडणी पडली तर शेजारच्या घरात ठसका लागतो. अशा वस्तीत कोणाचे दुःख झाकून राहील हे संभवत नाही. आणि तरीही ते झाकण्याचा खटाटोप येथे जेवढा चालतो, तेवढा एखाद्या मोठ्या शहरात, जेथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, तेथेही चालत नसेल. काही दिवसांपूर्वी या खटाटोपास मीही हातभार लावला. त्याची रुखरुख हेच या लेखाचे निमित्त होय.

आमच्या शेजारच्या घरातील सून दुसऱ्या बाळंतपणानंतर हळूहळू अबोल होत गेली. प्रथम तिचे जेवण तुटले, मग झोप. तान्ह्या मुलीकडे पाहून ती रडे. पुढे पुढे ती रडेनाशीही झाली, आणि ते अधिक भयंकर होते. घरची माणसे वाईट नव्हती. त्यांनी दृष्ट काढून पाहिली, देवर्षी गाठला, अंगारा लावला, आणि अखेरीस एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला तान्हीसह कोल्हापुरास दवाखान्यात ठेवावे असे ठरले. पहाटे, गाव उठण्यापूर्वी, तिला मोटारीतून नेण्यात आले. थोरला मुलगा सहा वर्षांचा. तो जागा झाला तेव्हा घरात आई नव्हती. आजीबाईंनी त्यापूर्वीच मला कट्ट्यावर गाठून बजावले होते, "पोरापुढं कुणी काय बोलायचं न्हाई. मामाकडं गेलीया, एवढंच म्हणायचं." दुपारी तो मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, "काका, आई कुठं गेलीया?" मी म्हणालो, "मामाच्या गावाला." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि तो निघून गेला. त्यानंतर दोन-अडीच आठवडे त्याने तो प्रश्न पुन्हा काढला नाही. पोर समजूतदार आहे, विसरले, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. याच दिवसांत त्याने दूध पिणे सोडून दिले होते. पण मुले असे काहीबाही करीतच असतात, म्हणून त्या गोष्टीस कोणी महत्त्व दिले नाही.

लपविणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्यात दोन गोष्टी विचारार्ह आहेत. पहिली ही की, बालपण ही थोड्या वर्षांची गोष्ट. संसाराचा ताप पुढे आहेच, तो चार वर्षे उशिरा लागला तर काय बिघडले? दुसरी अधिक नाजूक आहे. जे माणूस आज मनाने खचले आहे ते उद्या उठणार आहे. उठल्यावर आपल्याच मुलाच्या डोळ्यांत भीती किंवा कीव पाहण्याची पाळी त्याच्यावर का यावी? त्यात आपल्याकडे मनाच्या आजाराला चांगले नावच नाही. जे आहे ते वेड. येरवडा आणि रत्नागिरी ही दोन गावांची नावे. पण तेथे सरकारी मनोरुग्णालये आहेत एवढ्यावरून 'याला येरवड्याला पाठवा' ही आपल्या बोलण्यातली शिवी होऊन बसली. अशा समाजात आजीबाईंनी नातवाचे तोंड आणि शेजाऱ्यांचे तोंड एकाच वेळी बंद करावयास पाहिले, तर त्यांना दोष कसा द्यावा? सुनेचे नाव, तान्ह्या मुलीचे वीस वर्षांनंतरचे लग्न, मुलाची शाळेतील चेष्टा, एवढे सर्व त्या एका वाक्यामागे उभे होते.

परंतु ही सारी बाजू एका गृहीतावर उभी आहे, आणि ते गृहीत खोटे आहे. ते असे की, आपण सांगितले नाही म्हणजे मुलाला कळत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. आईने आपल्या काही महिन्यांच्या मुलाशी नेहमीप्रमाणे खेळावयाचे, आणि मग एकाएकी चेहरा निर्विकार करून, न हसता न बोलता, दोन-तीन मिनिटे त्याच्याकडे नुसते पाहत बसावयाचे. मूल प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, बोट दाखविते, ओरडते. काही उपाय चालेनासा झाला म्हणजे मान फिरवून घेते. ज्याला अजून एक शब्द उच्चारता येत नाही, त्याला आईच्या चेहऱ्यावरचा फरक एवढा कळतो. मग सहा वर्षांच्या मुलाला महिनोन् महिने चाललेले मौन कळले नसेल, अशी समजूत करून घेणारे आम्ही किती भोळे!

त्याला घटना कळते. कारण कळत नाही. आणि लहान मुलाच्या जगाचा मध्य ते स्वतः असल्यामुळे, जे कारण कोणी देत नाही ते मूल स्वतःच्या ठायी शोधते. आमच्या शेजारच्या मुलाने ते शोधून ठेवले होते. आई जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या हातून दुधाचे पातेले सांडले होते, आणि ते पुसता पुसता आई जमिनीवर बसून राहिली होती, ती संध्याकाळपर्यंत. त्याने साधे गणित मांडले. दूध सांडले, म्हणून आई गेली. मामाच्या गावाची गोष्ट त्याने ऐकून घेतली होती. तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. बोस्टन येथील विल्यम बिअर्डस्ली यांनी आई-बापांपैकी एकाला विषादाचा, म्हणजे आज ज्याला सर्रास डिप्रेशन म्हणतात त्याचा, आजार असलेल्या कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या घरांतील जी मुले पुढे धडधाकट निघाली त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट ठळकपणे आढळली: आई किंवा वडील आजारी आहेत आणि त्या आजाराला आपण कारण नाही, हे त्यांना उमगलेले होते. इतकी लहान गोष्ट! पण ती कोणीतरी सांगितल्याशिवाय बहुतेक मुलांना सुचत नाही.

येथवर लपविण्याचा विचार झाला. परंतु मला अधिक टोचते ती दुसरीच गोष्ट. ज्या घरात मुलाला काही सांगितले जात नाही, त्याच घरात त्याच्या डोक्यावर किती ओझे दिले जाते याचा हिशेब कोणी ठेवतो काय? 'दंगा करू नकोस, आईला त्रास होतो.' 'बाबांना आज काही विचारू नकोस.' 'तू आता मोठा झालास, धाकटीकडे बघ.' 'रडलास तर आईला जास्तच होईल.' ही वाक्ये आपण मुलांना सांभाळण्यासाठी बोलतो अशी आपली समजूत. वस्तुतः त्यांतील प्रत्येक वाक्याने आजाऱ्याचे बरे-वाईट मुलाच्या वागण्यावर टांगून ठेवलेले असते. म्हणजे आपण करतो ते नेमके उलटे. मुलाला कळावयास हवे ते कळू देत नाही, आणि त्याने वाहू नये ते त्याला वाहावयास लावतो. जाणणे आणि वाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या प्रश्नातील सारा नैतिक भाग त्यांच्यातील भेदावर अवलंबून आहे. मुलाला जाणण्याचा हक्क आहे; न वाहण्याचाही आहे.

हा भेद मला पुस्तकी वादातून सुचला नाही. जुनी पुस्तके पुन्हा वाचताना सुचला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. मराठी वाचक तेव्हापासून त्यांतील विनोदावर लुब्ध आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आरंभीचे बालपण मी अलीकडे पुन्हा वाचले तेव्हा मला हसू कमी आले. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली. त्या आघाताने त्यांच्या जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात घेणे नाही, आणि घरातील प्रत्येक माणसाची हालचाल त्या एका धाकाखाली. आज एखादा वैद्य त्याला रोगाचे नाव देईल. त्या काळी ते सोवळे होते, म्हणजे पुण्य होते, आणि म्हणून त्याबद्दल बोलण्याची सोयही नव्हती. मूल आपल्या आई-बापांच्या आजाराशी झगडू शकते. त्यांच्या पुण्याशी कसे झगडणार? लक्ष्मीबाई त्यातून निभावल्या. साठीच्या पुढे त्यांनी ते सारे इतक्या हसऱ्या शब्दांत लिहिले की आपण त्यांच्या सोसण्याकडे पाहावयाचे विसरून जातो. मात्र ती गोष्ट मोकळेपणाने सांगावयास त्यांना किती वर्षे थांबावे लागले हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्याच पुस्तकात दुसरे मूल आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. आई शोकाने वेडीपिशी, घर मोडलेले, आश्रय नातेवाइकांचा. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आणि मधली काही वर्षे या मुलाने आई आणि बाप यांच्यातील अंतरात काढली. पुस्तकात आईचे दुःख आहे. मुलाचे आपण अंदाजाने वाचावयाचे. परंतु पुढे वडिलांचे चरित्र सिद्ध करण्याच्या हेतूने आईपाशी तिच्या आठवणींचा आग्रह धरला तो याच देवदत्त टिळकांनी, आणि त्या आग्रहातून मराठीतील हे अपूर्व आत्मचरित्र झाले. मुलगा मोठा झाला, आणि आईला म्हणाला, काय काय झाले ते लिही. मला त्यात केवळ वाङ्मयप्रेम दिसत नाही.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. कर्जात बुडालेले वडील, आजाराने झिजत जाणारी आई, दाराशी आलेल्या सावकाराच्या माणसाचा अपमान, हे सर्व त्या मुलाच्या डोळ्यांदेखत घडते आणि त्याच्यापासून काही लपविलेले नाही. या पुस्तकावर वाढलेल्या आपल्या लोकांनी त्यातून एक शिकवण घेतली, ती मला धोक्याची वाटते. आईच्या दुःखाने विरघळून जाणारे मूल तेच चांगले मूल, असा आपण त्याचा अर्थ लावला, आणि वर्गावर्गांतून मुलांना रडविले. पण पुस्तकातील पहिलीच गोष्ट नीट पाहावी. आई तापाने अशक्त झाली आहे. वटसावित्रीच्या प्रदक्षिणा तिला घालवत नाहीत. ती मुलाला तसे सांगते, आणि माझ्याऐवजी तू घाल म्हणते. मुलाला लाज वाटते. ती त्याची समजूत घालते. यात काय आहे पाहा. आईला काय होते हे मुलाला स्वच्छ कळले आहे. त्याला दिलेले काम मोजके आहे, प्रदक्षिणा संपल्या की तेही संपते. आईचे बरे होणे त्याच्या वडाभोवती फिरण्यावर आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. दुःखात मुलाला सहभागी करून घेणे म्हणजे काय, याचा एवढा चांगला वस्तुपाठ मला दुसरीकडे सापडला नाही.

जात्यावरच्या ओव्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पहाटे दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून पडलेल्या किती पिढ्यांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेल्या लेकरांची नावे अर्धवट झोपेत ऐकली असतील! ते दुःख मुलाला उद्देशून सांगितलेले नसे, त्याच्यापासून लपविलेलेही नसे. त्याला सूर होता आणि पीठ संपले की शेवट होता. गिरणी आली, बायकांची कंबर वाचली, हे उत्तमच झाले. जुने सर्व चांगले होते असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या ओव्यांतील निम्मे दुःख त्याच एकत्र कुटुंबाने दिलेले होते.

मग सांगावे कसे, आणि कोणी? येथे मला मोठा सिद्धांत सांगावयाचा नाही. ज्याचे दुखणे त्यानेच सांगितले तर सर्वांत चांगले. त्याला ते शक्य नसेल तर मुलाच्या विश्वासातील माणसाने, त्याच्या संमतीने. शब्द थोडे असावेत. आईला बरे नाही. हे दुखणे ताप-खोकल्यासारखे दिसत नाही, पण दुखणेच आहे. डॉक्टर औषध देत आहेत. तुझ्यामुळे झालेले नाही आणि तू बरे करावयाचे नाहीस. रात्री तुझ्याजवळ आजी निजेल. तू खेळावयास गेलास तरी चालेल. या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. घरात दुःख असताना आपल्याला हसू येते याची मुलाला शरम वाटते, आणि ती शरम कोणीतरी अधिकाराने काढून घ्यावी लागते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. 'उद्या येईल' हे वचन उद्या मोडणारे असेल तर देऊ नये.

नॉर्वेने २०१० पासून कायद्यानेच ठरविले आहे की, रोग्यावर उपचार करणाऱ्यांनी त्याला अज्ञान मुले आहेत काय याची चौकशी करावी आणि त्या मुलांना काय कळावयास हवे ते पाहावे. आपल्याकडे इतके झालेले नाही. तथापि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून दूर करू नये असे कलम आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत २००९ पासून मायलेकरांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. तान्ह्याचा विचार कायद्याने केला. घरी राहिलेल्या सहा वर्षांच्या भावाचा विचार कोणी करावा? तो आम्ही शेजाऱ्यांनी करावयाचा, आणि पेठेत तो होऊही शकतो. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या सर्व, म्हणजे ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. हलाखीत, भांडणांत, आई-बापांच्या आजारपणांत वाढूनही सुमारे एक-तृतीयांश मुले चांगली निघाली, आणि त्यांच्याजवळ बहुधा आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण असे निदान एक भरवशाचे मोठे माणूस होते. आपल्याकडील आत्या आणि मामा हे नाते याच कामाचे आहे. खेद एवढाच की, आम्ही मामाचा उपयोग खोटे बोलण्यासाठी केला.

एका प्रकारात मात्र वरील सारे विवेचन अपुरे पडते. या भागात ऊस आहे, यंत्रमाग आहेत, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गेलेली पिके आणि उरलेली कर्जे आहेत. आणि त्यांच्या मागोमाग काही घरांत दारू आहे. दारूही रोग आहे, हे मला मान्य आहे. पण बाप जेव्हा मुलांच्या आईवर हात टाकतो, तेव्हा 'बाबा आजारी आहेत' हे वाक्य मुलाला सांगणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे येथे घातक ठरते. कारण मूल त्यातून सोसणे हीच शुश्रूषा असे शिकते. तेथे आजार आहे हे सांगावे, मारणे चूक आहे हेही सांगावे, आणि रात्री कोणत्या घरी पळत यावयाचे हे आधी सांगून ठेवावे. मुलांसाठी १०९८ आणि मनाने खचलेल्या मोठ्यांसाठी १४४१६ हे फुकट दूरध्वनी आहेत. पण शेजारचे उघडे दार त्यांच्याही आधी लागते.

आमच्या शेजारची सून तिसऱ्या आठवड्यात परत आली. पूर्ण बरी नव्हती. चेहऱ्यावर सूज, बोलणे संथ. दवाखान्यातील बाईंनी तिला काय सांगून पाठविले होते कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मुलाला कट्ट्यावर जवळ बसवून घेतले. मी माझ्या दारात होतो. ती म्हणाली, "मला बरं नव्हतं बाळा. मनाचं दुखणं असतंय एक. दवाखान्यात हुतो आम्ही दोघी. अजून औषध हाय." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "दूध सांडलं म्हणून न्हाई?" तिला प्रथम ते कळलेच नाही. कळले तेव्हा तिने त्याला पोटाशी धरले आणि "न्हाई रं, न्हाई," एवढेच ती म्हणत राहिली. आजीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

"म्हंजे मामाकडं न्हवतीस?" असे म्हणून त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

तो आता पुन्हा दूध पितो. माझ्याकडेही येतो. पतंगाला मांजा कोणता घ्यावा, धनाजी जाधवांच्या समाधीखाली खरेच धनाजी आहेत काय, असले प्रश्न विचारतो. मी उत्तर देतो. ते ऐकून घेऊन तो आधी घरी जातो, आणि खरे आहे का म्हणून आईला विचारून येतो.